फिरत्या घराला कोणतं कुलूप?

प्रश्न : आमच्याकडे २०१७ची सीएनजीवर चालणारी मारुती ईको आहे. मागे फळ्यांचा पलंग, छोटं कपाट, दुसरी बॅटरी आणि पंखा बसवून आम्ही तिची कॅम्परव्हॅन केली. एरवी ती महाडात घरासमोरच्या गल्लीत असते. पुराचा इशारा आला की उंचावर नेऊन ठेवतो. सुट्टीत पाचाड, शिवथरघळ, प्रतापगड अशी भटकंती चालते, तेव्हा गाडी दिवसभर एकटी असते. बाजारात स्टिअरिंगचा दांडा, गिअर लॉक, पेडल लॉक, चाकाचा जॅमर असं बरंच दिसतं. चोर ठरवून आला तर यातलं खरोखर उपयोगी काय पडतं?
– एक वाचक, महाड

उत्तर : आधी थेट सांगतो. गिअर लॉक कायमचं बसवून घ्या. सेल्फच्या तारेत एक छुपा स्विच टाका. जॅमर घ्या, पण पावसाळ्यात घरासमोर वापरू नका. आणि हे सगळं करण्याआधी गाडीखाली वाकून सायलेन्सर बघा, कारण चोराचा डोळा तुमच्या पलंगापेक्षा आणि पंख्यापेक्षा त्याच्यावर असण्याची शक्यता जास्त.

ईकोच्या सायलेन्सरमध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. धुरातले विषारी वायू कमी करणारी ही जाळीदार वीट प्लॅटिनम, पॅलेडियम आणि रोडियम या धातूंच्या अतिशय पातळ थराने माखलेली असते. २०२१च्या मार्चमध्ये रोडियमचा भाव सोन्याच्या पंधरा पटींहून वर गेला होता. त्याच सुमाराला गुजरातेत आणि आपल्याकडेही ईकोचे सायलेन्सर काढून नेणाऱ्या टोळ्या पोलिसांच्या हाती लागू लागल्या. गाडी उंच, सायलेन्सर हाताला येईल असा, आणि पाने-कटर घेऊन आलेल्या सराईत माणसाला काही मिनिटांचंच काम. गाडी न्यायची गरजच नाही. सकाळी तुम्ही चावी फिरवता आणि ट्रॅक्टर सुरू झाल्यासारखा आवाज येतो, तेव्हा कळतं. काही ठिकाणी तर चोरांनी आतला माल काढून पोकळ नळकांडं परत जोडलं होतं. मग मालकाला पत्ता लागतो तो थेट पीयूसी केंद्रावर.

यावर उपाय लोखंडाचाच आहे. फॅब्रिकेशनवाल्याकडून सायलेन्सरभोवती जाड सळ्यांचा पिंजरा करून घ्या आणि तो चासीला असे बोल्ट लावून बसवा, ज्यांचं डोकं आवळल्यावर तुटून पडतं. नेहमीचा पाना मग त्यांना पकडत नाही. पिंजरा कन्व्हर्टरला टेकता कामा नये, तो चालताना भयंकर तापतो आणि त्याला वारा लागलाच पाहिजे. गाडीला लागून वेल्डिंग करू देऊ नका. तुमच्या गाडीत सीएनजीची टाकी आहे, तेव्हा पिंजरा बाहेर तयार करायचा आणि गाडीवर फक्त बोल्टने चढवायचा. बॅटरीची तार काढल्याशिवाय कामाला हात लावू द्यायचा नाही. जमलं तर सायलेन्सरवर गाडीचा नंबर ठळक कोरून घ्या. चोरीचा माल घेणारा भंगारवाला नंबर बघून कचरतो. गल्लीत उभी करताना सायलेन्सरची बाजू भिंतीला चिकटवून लावायची, हा उपाय तर फुकटच आहे.

आता गाडीच पळवणाऱ्याकडे वळू. कोणतंही कुलूप चोराला कायमचं थांबवत नाही. ते त्याचा वेळ खातं आणि त्याला आवाज करायला लावतं. म्हणून कुलूप निवडताना दोन गोष्टी विचाराव्यात : ते तोडायला किती वेळ लागेल, आणि त्या वेळात ते ऐकणारं कुणी जवळ आहे का.

स्टिअरिंगचा दांडा सगळ्यांत जास्त खपतो. अमेरिकेत १९८०च्या दशकात ‘द क्लब’ या नावाने तो गाजला आणि जगभर पोचला. दांडा मजबूत असतो, कमजोर असतं ते स्टिअरिंगचं कडं. आत पातळ धातू, वर प्लास्टिक; करवतीचं पातं कड्यावर चालवलं की दांडा अख्खाच्या अख्खा निघून येतो. तरी पाचाडला भरदिवसा तो लावावा, कारण काचेतून दिसतो आणि फुटकळ चोर दुसरीकडे वळतो. ‘दुसरीकडे’ म्हणजे मात्र शेजारच्या गाडीकडे, हे विसरू नये. इयन एअर्स आणि स्टीव्हन लेव्हिट या अमेरिकी अभ्यासकांनी १९९८ साली नेमका हा फरक मांडला होता. चोरलेल्या गाडीचा माग देणारं, लपवलेलं रेडिओ यंत्र कोणत्या गाडीत आहे हे चोराला कळत नसल्याने त्याचा फायदा सगळ्या शहराला होतो. दिसणाऱ्या कुलपाचा फायदा एकट्या मालकाला. गल्लीत सात-आठ गाड्या उभ्या राहत असतील तर सगळ्यांनी मिळून एक चांगला दिवा आणि एक कॅमेरा बसवावा असं मी आग्रहाने सांगेन.

गिअर लॉक मला जास्त भरवशाचं वाटतं. ते दांडीच्या बुडाशी गाडीच्या पत्र्यालाच जखडलेलं असतं, गिअर रिव्हर्सला टाकून चावी फिरवली की दांडी हलत नाही. ते घरी विसरता येत नाही आणि लावायला दोन सेकंद पुरतात. दोन मिनिटं लागणारं कुलूप माणूस आठवडाभर लावतो आणि मग सोडून देतो. पेडल लॉकही वाईट नाही, पण रात्री चिखलाच्या पायांनी पेडलपाशी वाकायचा कंटाळा येतो. एक काळजी घ्या : बसवणाऱ्याला भोकं कुठे पाडणार ते आधी विचारा, कारण ईकोचं इंजिन पुढच्या सीटखाली आहे आणि त्या भागात तारा-नळ्यांची दाटी असते.

छुप्या स्विचबद्दल मेकॅनिक तुम्हाला पेट्रोल पंपाची तार तोडायला सांगेल. तुमची गाडी सीएनजीची, त्यामुळे पंप बंद करून काम भागेलच असं नाही. इग्निशनच्या तारेत स्विच टाकला तर गाडी कुठल्याच इंधनावर चालत नाही, पण तो स्विच आंबेनळी घाटाच्या वळणावर सैल झाला तर चालत्या गाडीचं इंजिन बंद पडेल. खाली प्रतापगडाची दरी असताना ही जोखीम मी घेणार नाही. म्हणून सेल्फची तार. तिथला स्विच बिघडला तर फार तर गाडी सुरू होणार नाही, चालती गाडी थांबणार नाही. यातली पळवाटही सांगतो : सेल्फ बंद असला तरी उतारावर धक्का मारून गाडी सुरू करता येते, आणि आपल्या भागात उताराला तोटा नाही. ती पळवाट गिअर लॉक बंद करतं, कारण रिव्हर्समध्ये अडकलेल्या गाडीला पुढे धक्का मारून काही होत नाही. दोन्ही एकत्र असले तरच दोन्हींना अर्थ आहे. स्विच कुठे आहे हे घरातल्या माणसांखेरीज कुणाला सांगू नका, आणि गाडी सर्व्हिसिंगला देताना तो चालू ठेवून द्या.

इंजिन इमोबिलायझर, म्हणजे मूळ चावीतली चिप ओळखल्याशिवाय इंजिन चालू न देणारी सोय, मारुतीने नोव्हेंबर २०२२मध्ये आणलेल्या नव्या ईकोत दिली. तुमची गाडी त्याआधीची आहे, तेव्हा ती आहे असं गृहीत धरू नका. जीपीएस ट्रॅकर लावायला माझी हरकत नाही. पण तो मोबाइलच्या नेटवर्कवर बोलतो, आणि वरंध, आंबेनळी या घाटांत नेटवर्क कधी असतं, कधी नसतं. गाडी त्या दिशेने गेली तर ट्रॅकर गप्प होईल. लोखंडाला रेंज लागत नाही.

आता जॅमर. पुढच्या चाकाला लावायचा हा पिवळा सांगाडा तोडायला सगळ्यांत वेळखाऊ, आणि दुरून दिसणारा. तरी मी तो पावसाळ्यात घरासमोर नको म्हणतो, याचं कारण सावित्री. ती महाबळेश्वरला उगम पावते, पोलादपूरवरून महाडला येते. वर किती पाऊस पडला त्यावर खाली तुमच्या गल्लीत काय होणार ते ठरतं, आणि खाडीला भरती असेल तर पाणी ओसरतही नाही. २२-२३ जुलै २०२१ला महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९० मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला आणि महाडची बाजारपेठ बुडाली. पुराचा इशारा येतो तेव्हा वीज गेलेली असते, घरातली म्हातारी माणसं आणि सामान माडीवर हलवायचं असतं. त्या वेळी गुडघाभर गढूळ पाण्यात हात घालून गाळ भरलेल्या भोकात जॅमरची चावी फिरवायची? चोरापासून वाचवलेली गाडी पाण्याने न्यावी असं होऊ नये. जूनपासून सप्टेंबरपर्यंत गल्लीत फक्त गाडीच्या आतली कुलुपं.

उलट, ती गाडी उंचावर नेऊन सोडलीत की लगेच जॅमर चढवा. तिथे पाणी येणार नाही, पण तुमचं लक्षही नाही. पुराच्या रात्री सगळं गाव आपापल्या घरात अडकलेलं असतं आणि ओळीने उभ्या गाड्यांकडे बघायला कुणी नसतं. पेट्रोल पंपाच्या आवारात विचारून जागा मिळाली तर उत्तम, तिथे रात्रभर दिवा आणि माणूस असतो. महामार्गाच्या कडेला वाहत्या रस्त्याला लागून ठेवू नका. आणि कुणाच्या नजरेत येऊ नये म्हणून डोंगराच्या कुशीत आडोसा शोधू नका. तळिये गावाने जुलै २०२१च्या दरडीत काय भोगलं ते आपल्या तालुक्याला सांगायला नको. दरडीखालची जागा सुरक्षित नसते, तिथे चोर फिरकत नसला तरी.

जॅमर लावलेला असताना स्टिअरिंगला लाल चिंधी बांधायची सवय ठेवा. घाईत गाडी काढली तर मडगार्ड आणि ब्रेकची नळी दोन्ही जातील.

कुलपाच्या देखभालीबद्दल कोकणातल्या दुकानदारांकडून शिकण्यासारखं आहे. शटरच्या कुलपाला ते सायकलच्या जुन्या ट्यूबचा वीतभर तुकडा वरून बांधतात. पावसाचं पाणी भोकात जात नाही, चावी लावताना रबर नुसतं बाजूला सारायचं. जॅमरला आणि मागच्या दाराच्या कुलपाला हेच करा. पितळी आतडं असलेलं आणि भोकावर झाकणी असलेलं कुलूप घ्या. घट्ट तेल ओतू नका, त्यात लाल माती बसते आणि आठ दिवसांत चिकट लगदा होतो. गंज सोडवणारा पातळ फवारा महिन्यातून एकदा पुरे. दिवाळीपर्यंत न उघडलेलं कुलूप दिवाळीला उघडेलच असं नाही, म्हणून वापर नसला तरी अधूनमधून चावी फिरवत राहा.

प्रश्न : मी आणि माझी मैत्रीण व्हॅनमध्ये झोपतो. आतून कडी, बाहेरून सरकत्या दाराला कोयंडा आणि कुलूप, असं सगळं लावलं तर चालेल का?
– एक वाचक, बिरवाडी

उत्तर : आतून जरूर लावा. बाहेरून कोयंडा लावलात तर तो गाडी रिकामी असतानाच वापरायचा, आणि झोपायच्या वेळी कुलूप काढून आत घ्यायचं. नुसता उघडा कोयंडाही धोक्याचा आहे. कुणी त्यात काडी अडकवली तरी तुम्ही आत कोंडल्या जाल. कोयंड्याऐवजी चावीनेच उघडणारं आणि आतून बोटाने सुटणारं जादा लॅच मिळतं, ते बसवा. नियम एकच ठेवा : अंधारात, झोपेतून उठून, चावी न शोधता निदान दोन दारांनी बाहेर पडता आलं पाहिजे. गाडीत शेगडी असेल तर हे आणखी महत्त्वाचं. झोपण्याआधी ती बाहेर काढावी आणि वाऱ्यासाठी काच बोटभर उघडी ठेवावी. पुढची केबिन आणि मागचा भाग यांच्यामध्ये जाळी बसवणाऱ्यांनी ती आतून उघडणारी करावी. एक अख्खी जाळी वेल्ड केलेली मी पाहिली आहे. ड्रायव्हरच्या सीटपर्यंत पोचताच येणार नाही अशी ती होती. संकटात गाडी सुरू करून निघून जाणं हा तुमचा सगळ्यांत चांगला बचाव आहे, तो जाळीने कापू नका. त्याच कारणासाठी आत झोपलेलं असताना जॅमर नको, आणि गाडीचं तोंड रस्त्याकडे असावं.

जागेबद्दल सांगायचं तर ओसाड माळापेक्षा वस्ती बरी. शिवथरघळीकडे किंवा पोलादपूरच्या आतल्या गावांत संध्याकाळी पोचलात की पोलीस पाटलांना किंवा सरपंचांना भेटा, देवळाच्या आवारात रात्र काढू का विचारा. नकार क्वचितच मिळतो, आणि एकदा गावाला तुम्ही पाहुण्या आहात हे कळलं की रात्री भुंकणाऱ्या कुत्र्यामागे कुणीतरी बॅटरी घेऊन उठतं.

प्रश्न : एवढं करूनही गाडी गेलीच, तर पहिल्या तासात काय करावं? आणि घरी केलेल्या कामाचे पैसे विमा कंपनी देते का?
– एक वाचक, पोलादपूर

उत्तर : पहिल्या तासात फक्त एकच काम : ११२ला फोन. शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारणं, गल्ल्या धुंडाळणं नंतर. आपल्या भागाची रचना इथे मदतीला येते. महाडहून निघालेल्या गाडीला उत्तरेला माणगाव, पूर्वेला वरंध घाट, पश्चिमेला म्हाप्रळ-मंडणगड आणि दक्षिणेला पोलादपूर, असे मोजकेच मोठे रस्ते आहेत. पोलादपुरात तर फाटा एकच : डावीकडे आंबेनळी, सरळ कशेडी. वरंध पावसाळ्यात बहुतेक वेळा बंदच असतो. नाकाबंदी करायला जागा ठरलेल्या आहेत, पण गाडी त्या जागा ओलांडण्याआधी खबर पोचली पाहिजे. गिअर लॉकने चोराची जी मिनिटं खाल्ली त्यांचा उपयोग इथे होतो. मोबाइलवर फास्टॅगचा संदेश आला तर तो पुसू नका. कोणत्या नाक्यावरून किती वाजता गाडी गेली ते त्यात असतं.

फिर्याद जिथे असाल तिथल्या पोलीस ठाण्यात देता येते. चोरी पाचाडला झाली आणि तुम्हाला कळलं महाबळेश्वरला, तरी तिथे झीरो एफआयआर नोंदवायलाच हवा. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३मध्ये तशी तरतूद आहे. १ जुलै २०२४पासून चोरीला भारतीय न्याय संहितेचं कलम ३०३ लागतं. प्रवासी किंवा मालवाहतुकीचं वाहन चोरण्याला कलम ३०५, त्यात सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

विमा कंपनीला त्याच दिवशी कळवा. उशीर झालाच तर घाबरून दावा सोडू नका. गुरशिंदर सिंग यांच्या प्रकरणात २४ जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की एफआयआर तातडीने दाखल झाला असेल, तर नुसतं कंपनीला उशिरा कळवलं म्हणून खरा दावा फेटाळता येणार नाही. कंपनी दोन्ही चाव्या मागते. जादाची चावी गाडीच्याच कप्प्यात ठेवणाऱ्यांनी ती आजच घरातल्या कपाटात हलवावी. एक चावी दाखवता आली नाही की निष्काळजीपणाचा प्रश्न निघतो आणि महिनोन्‌महिने पत्रव्यवहार चालतो.

नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर चोरीचा एक रुपया मिळत नाही, पुराचाही नाही. सर्वसमावेशक विमा असला तरी पलंग, कपाट, दुसरी बॅटरी, पंखा हे पॉलिसीत लिहून घेतलेलं नसेल तर कंपनी मूळ गाडीचेच पैसे मोजेल. नूतनीकरणाच्या वेळी बिलांसकट ही यादी द्या, थोडा जादा हप्ता पडेल. सीट काढून गाडीची रचना बदलली असेल, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२प्रमाणे पेणच्या आरटीओकडून नोंदणी पुस्तकात तसा बदल करून घ्यावा लागतो. हे काम लोक टाळतात आणि दाव्याच्या वेळी तेच आडवं येतं. सीएनजी किट बाहेरून बसवलेलं असेल तर त्याचीही नोंद पुस्तकात आणि पॉलिसीत, दोन्हीकडे हवी.

पुण्याच्या वेताळ टेकडीवरच्या एआरएआय संस्थेने मान्यता दिलेलं चोरीविरोधी साधन बसवलं, तर स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात अडीच टक्के सूट मागता येते, मात्र जास्तीत जास्त ५०० रुपये. गिअर लॉक घेताना दुकानदाराकडे मान्यतेचा कागद आहे का ते विचारा, आणि बसवल्याचं बिल गाडीत न ठेवता चावीशेजारी, घरातल्या कपाटात ठेवा.